मदत हवी आहे: अमेरिकेत स्टेटस गेलेल्या मामेभावाला कायदेशीर काम करता येईल का?

कृष्णाकाठची:
धागा दुसऱ्यासाठी काढतेय. मामेभाऊ, वय ३५, मिरजेचा. ऑगस्ट २०१४ मध्ये एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एमएस करायला आला. तिसऱ्या सेमिस्टरला मामा गेले, कर्जाचे हप्ते तुंबले, फी भरता आली नाही. कॉलेज सुटलं, त्याबरोबर स्टेटसही, म्हणजे राहायची कायदेशीर परवानगी. आता पेनसिल्व्हेनियात गॅस स्टेशनवर रात्रपाळी करतो, पगार रोख. घरी सगळ्यांना 'आयटीत आहे' एवढंच माहीत. मी न्यू जर्सीत राहायला आले आणि तीनदा जेवायला बोलावून हा आला नाही, तेव्हा मला संशय आला.

आता मामीचं बायपास ठरलंय. त्याला जायचंय, पण एकदा गेला की १० वर्षं परत येता येत नाही असं सगळे सांगतात. त्यात एक 'कन्सल्टंट' भेटलाय: ४,००० डॉलर द्या, असायलमचा (मायदेशी छळ होईल म्हणून आसरा मागण्याचा) अर्ज टाकू, सहा महिन्यांत वर्क परमिट हातात. "स्टोरी आम्ही लिहून देऊ" म्हणे. हा पैसे भरायच्या बेतात आहे.

१० वर्षांचं खरं का? इथेच राहून काही मार्ग आहे का? कृपया 'परत ये म्हणावं' असं लिहू नका, ते आमचं सांगून झालंय.

टपरीवरचा चहा:
परत ये म्हणावं.

कृष्णाकाठची:
धन्यवाद. शेवटची ओळ वाचायची राहिली वाटतं.

नीरफणस:
आधी ते ४,००० थांबव. असायलमचा अर्ज देशात आल्यापासून एका वर्षात करायचा असतो, अपवाद मोजके. याला ११ वर्षं झाली. आणि मिरजेत त्याच्या जिवाला कोणापासून धोका आहे? जाणूनबुजून खोटा अर्ज केल्याचं ठरलं, तर पुढे इमिग्रेशनचा कुठलाच फायदा मिळत नाही, बायको नागरिक असली तरी.

कन्सल्टंट अगदीच खोटं बोलत नाही, म्हणून तर लोक फसतात. अर्ज १५० दिवस पडून राहिला की वर्क परमिटसाठी अर्ज करता येतो. तो तेवढंच विकतो. पुढे कोर्टाची तारीख लागते तेव्हा त्याचा फोन लागत नाही.

फाइलवाली:
मी वकील नाही, पण इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात नऊ वर्षं फाइली लावल्यात. जरा लांब लिहिते.

१० वर्षांची बंदी सरसकट नसते. बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून जास्त झाला तर ३ वर्षं, वर्ष किंवा जास्त झाला तर १० वर्षं, आणि तीही देश सोडल्यावरच लागू होते. खरा प्रश्न असा की हे दिवस मोजायला कधीपासून लागतात? टुरिस्टच्या आय-९४ वर, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीवर, मुदतीची तारीख असते, ती उलटली की मीटर सुरू. विद्यार्थ्याच्या आय-९४ वर सहसा तारीख नसते, 'डी/एस' (स्टेटस असेपर्यंत) लिहिलेलं असतं. अशा माणसाचं स्टेटस जातं, पण मीटर आपोआप पडत नाही. इमिग्रेशन खात्याने एखाद्या अर्जावर निर्णय देताना तसा निष्कर्ष काढला किंवा इमिग्रेशन न्यायाधीशाने आदेश दिला, की तिथून पडतो. २०१८ मध्ये खात्याने हे बदलायला घेतलं होतं, कोर्टात टिकलं नाही.

आता लक्षात घ्या: ज्या अर्जासाठी तो पैसे मोजणार आहे, तोच फेटाळला गेला की मीटर सुरू व्हायची वेळ. शिवाय सध्या फेटाळलेल्या अर्जाच्या मागोमाग इमिग्रेशन कोर्टाची नोटीस निघू शकते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मात्र हुरळून जाऊ नका. बंदी नाही म्हणजे व्हिसा मिळेल असं नाही. एवढी वर्षं काय केलं हे वकिलातीत विचारणारच. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा म्हणाल तर आधी लॉटरी, त्यात सप्टेंबर २०२५ च्या आदेशानंतर बाहेरून नवा माणूस आणायला कंपनीला १ लाख डॉलर. गॅस स्टेशनवरच्या माणसासाठी कोण भरणार?

इथे राहून नोकरीच्या वाटेने ग्रीन कार्डही नाही. १८० दिवसांपर्यंतची चूक माफ होते, त्यापुढची नाही. उरतं ते अमेरिकन नागरिकाशी लग्न. तो रीतसर व्हिसा दाखवून आत आलाय, त्यामुळे स्टेटस गेल्याचं आणि परवानगीशिवाय काम केल्याचं त्या एका वाटेवर आड येत नाही. मेक्सिकोची सीमा चोरून ओलांडलेल्याला हे सहसा मिळत नाही. ग्रीन कार्डच्या अर्जासोबतच वर्क परमिटचा अर्जही जातो. लग्न खरं हवं, कागदापुरतं केलं तर कायमचं दार बंद.

भटकी वारी:
आहे का कोणी आयुष्यात? :)

कृष्णाकाठची:
आहे एक. तिथल्याच हॉस्पिटलात नर्स आहे, नागरिक आहे. पण तो म्हणतो, "मी विचारलं तर तिला वाटेल कार्डासाठी विचारतोय." यावर काय बोलणार?

फाइलवाली:
एक विचारायचं राहिलं. मालकाने पासपोर्ट ठेवून घेतलाय का? पोलिसांची धमकी देऊन राबवतो का? तसं असेल तर मानवी तस्करीला बळी पडलेल्यांसाठी असलेल्या टी व्हिसाचा वेगळाच रस्ता आहे.

कृष्णाकाठची:
नाही, पासपोर्ट त्याच्याकडेच आहे. पगार मात्र दोन दोन महिने अडवतो.

फाइलवाली:
तेवढ्यावर व्हिसा मिळत नाही. पण किमान वेतनाचा कायदा स्टेटस नसलेल्यालाही लागू आहे. पैसे अडकले असतील तर सोडू नका.

आंबेहळद:
कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या ओळखीतल्या एकाचं प्रेमाचं लग्न, दोन मुलं, तरी फाइल अडली. कारण नोकरीला लागताना काम करायची परवानगी आहे का हे पाहणारा आय-९ फॉर्म असतो, त्यावर त्याने 'अमेरिकन नागरिक' या चौकटीत खूण केली होती. मॅनेजर म्हणाला कर, याने केली. खोटं नागरिकत्व सांगितल्याला साधारणपणे माफीच नाही. भावाला आधी हे विचार.

नीरफणस:
बापरे. हे मलाही माहीत नव्हतं.

फाइलवाली:
बरोबर लिहिलंय, आणि कंपनीने तो कागद कधीच फाडला असेल यावर विसंबू नका. ग्रीन कार्डच्या अर्जात हाच प्रश्न शपथेवर विचारतात. वकिलाकडे जाताना पासपोर्ट, जुने आय-२० (कॉलेजने व्हिसासाठी दिलेले फॉर्म) आणि कॉलेजची पत्रं न्या. वकिलाचं लायसन्स राज्याच्या बारच्या (वकिलांच्या संस्थेच्या) साइटवर तपासा. परवडत नसेल तर न्याय खात्याची मान्यता असलेल्या ना-नफा संस्था आहेत, त्यांची यादी खात्याच्याच साइटवर मिळते. आणि वकिलाने पाहीपर्यंत देश सोडायचा नाही, कुठे सही करायची नाही.

कृष्णाकाठची:
सगळ्यांचे आभार, टपरीवाल्यांचेही. त्याने पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवला. शिक्क्याखाली पेनाने 'एफ-१, डी/एस' लिहिलंय, ११ वर्षांत त्याने ते नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. कन्सल्टंटला नाही म्हणून कळवलं, तर म्हणे ३,००० ला करतो.

आय-९ चं विचारलं. आत्ताच्या मालकाने कधी फॉर्मच दिला नाही. पण २०१६ मध्ये सहा महिने एका वेअरहाऊसमध्ये होता, तिथे "कायतरी भरलं होतं". काय भरलं ते आठवत नाही म्हणतो. दोनदा विचारलं तर फोन ठेवला.

गुरुवारी वकिलाची वेळ घेतलीय. नर्सबाई स्वतःहून म्हणाल्या, मी पण येते. मामीचं ऑपरेशन १८ तारखेला आहे, तिला अजून काही सांगितलेलं नाही.