टीव्हीवर छापलेली बातम्यांची पट्टी: तुमचे अनुभव सांगा

मागच्या रविवारी चुलत नणंदेच्या हळदीचा व्हिडिओ टीव्हीवर लावला. पडदाभर पिवळं आणि त्या पिवळ्यात नवरीच्या गुडघ्यांवरून गेलेली एक मळकट आडवी पट्टी. आधी वाटलं, व्हिडिओवाल्यानेच काहीतरी घोळ घातला. मग वर उजव्या कोपऱ्यात लक्ष गेलं. सासरे बघतात त्या बातम्यांच्या चॅनलचा लोगो तिथे, वाफ धरलेल्या आरशावर बोटाने काढावा तसा. व्हिडिओ बंद केला, नाटक लावलं, तरी दोन्ही जागच्या जागी.

संच ५५ इंची ओएलईडी, २०२० च्या दिवाळीत घेतलेला. सासरे सकाळी सहाला बातम्या लावतात, त्या जेवणापर्यंत. संध्याकाळी परत चर्चा, म्हणजे पाच माणसं एकदम ओरडतात ती. दिवसाचे नऊ-दहा तास सहज. कंपनीचा माणूस आला, पूर्ण लाल पडदा लावून मोबाईलवर फोटो काढला आणि "बर्न-इन आहे, म्हणजे पडद्यावरची कायमची छाप. वॉरंटी असती तरी यात बसलं नसतं" म्हणाला. पॅनल बदलायचा खर्च ऐकला तर नव्या टीव्हीपेक्षा जेमतेम दहा हजार कमी.

निघताना त्याने विचारलं, "रात्री भिंतीवरचं बटण बंद करता का?" करतो की! आमच्याकडे तो संस्कार आहे, गॅसची कळ आणि टीव्हीचं बटण बघितल्याशिवाय सासरे झोपत नाहीत. तर म्हणे, साधारण चार तास चालून झाला की हा संच रिमोटने बंद केल्यावर आतल्या आत पॅनलची डागडुजी करतो. भिंतीवरचं बटणच बंद असेल तर ती होणार कशी? पाच वर्षं आम्ही वीज वाचवत होतो. हिशेब केला: नुसता उभा संच अर्धा वॅट खातो असं धरलं तर वर्षाला चार-पाच युनिट.

आता नवा घ्यायचाय. हॉलला पश्चिमेची गॅलरी आहे, दुपारभर उजेड. बजेट ऐंशीपर्यंत. बातम्या बंद होणार नाहीत. तुमच्याकडे असं झालंय का, काय केलंत, पुढे काय घेतलंत? सविस्तर लिहा.

पाना_पक्कड (नाशिक)

ट्यूबवाल्या टीव्हीपासून दुरुस्ती करतोय, म्हणून जरा लांबण लावतो. छाप पडली की लोक लगेच घाबरतात. आधी तासभर वेगळं काहीतरी हलतं बघा. विरत गेली तर ती तात्पुरती छाप, सोडून द्या. तशीच राहिली तर पूर्ण राखाडी, मग पूर्ण लाल पडदा लावून बघा. बातम्यांच्या पट्ट्या लाल-पांढऱ्या, म्हणून लाल ठिपके आधी थकतात. तुमच्या हळदीत दिसलं आणि निळ्या आकाशात दिसत नसेल, त्याचं कारण हेच.

ओएलईडीत मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः जळतो. जिथे जास्त जळला तिथे जास्त झिजला. मेनूमधलं 'पिक्सेल रिफ्रेश' झीज भरून काढत नाही, ती मोजून बाकीच्यांशी जुळवून घेतं. हाताने लावलं तर तासभर लागतो, मध्येच बटण बंद करू नका आणि रोज तर मुळीच लावू नका. मोबाईलवर रंगांची उघडझाप करणारे 'बर्न-इन घालवा' व्हिडिओ मिळतात. एका गिऱ्हाइकाने ते रात्रभर चालवले. डाग तिथेच, आयुष्य मात्र सगळ्याच पॅनलचं थोडं गेलं.

वापरलेला ओएलईडी घेणार असाल तर लाल पडदा लावून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

तांबडा_पांढरा (कोल्हापूर)

आमच्या खानावळीत प्लाझ्मा होता, म्हणजे आधीच्या जातीचा सपाट टीव्ही, २०१२ चा. हौसेनं घेतलेला, पण घरात बायकोनं ठेवू दिला नाही, लई गरम व्हायचा. मग त्यावर दिवसभर दरपत्रक लावून ठेवलं. दोन वर्षांनी मटण ताटाचा दर १८० चा २२० केला, तर २२० च्या मागं १८० दिसतंय! एक गिऱ्हाईक गल्ल्यावर येऊन भांडलं, "मागं १८० लिहिलंय की हो." त्याला काय सांगायचं फॉस्फर, म्हणजे पडद्यातला उजळणारा थर, झिजलाय म्हणून? दिलं १८० ला.

आता साधा एलसीडी लावलाय, ज्याला सगळे एलईडी म्हणतात तो. सहा वर्षं दरपत्रक तेच, छाप नाही. चित्र काय प्लाझ्मासारखं नाही. पॅनासॉनिकनं २०१३ च्या शेवटाला प्लाझ्मा बनवायचंच बंद केलं, त्या दिवशी मला जरा वाईट वाटलेलं.

पावसाळी_सुट्टी (न्यू जर्सी)

धागा वाचून कुणी ओएलईडीच्या नावाने कानाला खडा लावू नये म्हणून लिहिते. आमचा सात वर्षांचा आहे, लाल पडद्यावरही स्वच्छ. पण आमच्याकडे बातम्या नाहीत. सिनेमे, मालिका, मुलांची कार्टून्स, सगळं मिसळून. ब्राइटनेसही निम्म्यावर.

२०१८ मध्ये आर्टिंग्ज या टीव्ही तपासणाऱ्या वेबसाइटने एकाच मॉडेलचे सहा ओएलईडी रोज वीस तास चालवून बघितले होते. सीएनएनच्या बातम्या लावलेल्यांवर छाप पडली, सतत बदलतं चित्र असलेले कितीतरी बरे राहिले. नंतर त्यांनी शंभर टीव्ही घेऊन तसंच केलं, तेव्हा एलसीडीचीही गंमत दिसली. ज्यांच्या फक्त कडेला दिवे असतात अशा बारीक संचांतले आतले प्लास्टिकचे पातळ थर उष्णतेने वाकले, तडकले. तेव्हा फार सडपातळ टीव्हीला भुलू नका.

देवगडची_पेटी

आमच्याकडे बटण बंद करायचं नाही असं सांगून चालणारच नाही. मे अखेरीस विजा सुरू झाल्या की बटण काय, प्लग उपटून ठेवतो, केबलसकट. शेजाऱ्यांचा संच एका गडगडाटात गेला. त्यामुळे ओएलईडी बादच.

पण एलसीडी म्हणजे अमरपट्टा नव्हे हं. चौथ्या वर्षी आमचा आवाज चालू, चित्र गायब. काकांनी मोबाईलचा टॉर्च काचेवर धरला तर आत मालिकेतली सासू पुसटशी दिसत होती! मागच्या दिव्यांची पट्टी गेली होती. साडेतीन हजारांत काम झालं. डोळ्यात भरेल असं चित्र आणि उजेडाची खोली असेल तर मिनी एलईडी बघा. मागे खूप बारीक दिवे असतात आणि भाग पाडून मंद होतात. काळ्यावर पांढरी अक्षरं आली की भोवती जरासं प्रभामंडळ दिसतं, तेवढं सोसा.

नवखा_गिऱ्हाईक

मी क्यूएलईडीला ओएलईडी समजून घेतला. दुकानदाराने समजू दिलं. घरी आल्यावर भाच्याने सांगितलं, हा एलसीडीच, फक्त आत रंगाचा जादा थर. तुमच्या सासऱ्यांना तोच चालेल!

सकाळी_सहाला_उठणारा (वय ७४)

मी सासऱ्यांच्या बाजूने. आम्ही बातम्या बघतो त्यात आमचा काय दोष? पट्टी चोवीस तास त्याच जागी ठेवायची कोणी सांगितली? सुनेने मला माझ्या खोलीत ३२ इंची वेगळा घेऊन दिला. आवाज मोठा ठेवला तरी कुणी काही म्हणत नाही. घरातली भांडणं निम्म्यावर आली, टीव्हीवरची आहेतच.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. घेतला. देवगडकरांचं ऐकून ५५ इंची मिनी एलईडी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे बजेटात बसला.

दुकानात बघायला पेन ड्राइव्हवर हळद आणि बातम्या दोन्ही नेल्या. तिथे सगळे संच 'दुकान मोड'मध्ये, भडक. तो काढायला सांगितला तर विक्रेत्याचा चेहरा उतरला. एका संचाच्या समोर बसलं तर अप्रतिम, पण सोफ्याच्या टोकाला सासऱ्यांची खुर्ची असते तिथून बघितलं तर काळा रंग राखाडी. तो सोडला. दुसऱ्यात काळा थोडा फिका, पण बाजूने रंग टिकतात, तोच आणला.

जुना संच आमच्या खोलीत, सिनेमांपुरता. पिवळं नसलं तर पट्टी आठवतही नाही. त्याच्या बटणावर मी चिकटपट्टी लावून "बंद करू नये" लिहिलं. काल सकाळी बघते तर चिकटपट्टी नीट घडी करून टीव्हीवर ठेवलेली आणि बटण बंद.