मोदू चान्यू: राज्यसंस्थापक की खंडणीवर जगणारा सरदार?

मंगोलियाच्या गवताळ प्रदेशातील शिओंग्नू टोळ्यांवर इ.स.पू. २०९ ते १७४ अशी पस्तीस वर्षे सत्ता गाजवणाऱ्या मोदू चान्यूचे (चान्यू म्हणजे त्यांच्या सर्वोच्च शासकाची पदवी) नाव निघाले की चर्चा शिट्टीच्या बाणापाशी येऊन थांबते. बाप तुमान याने त्याला शेजारच्या युएची टोळ्यांकडे ओलीस ठेवले आणि लगेच त्यांच्यावरच चढाई केली, म्हणजे पोराचा काटा परस्पर निघेल. मोदू त्यांचाच एक उत्तम घोडा पळवून परतला. मग हाताखालच्या स्वारांना त्याने एकच शिस्त लावली, की माझा शिट्टी वाजवणारा बाण जिथे जाईल तिथेच सर्वांनी बाण सोडायचे. आधी स्वतःचा घोडा, मग लाडकी पत्नी, मग बापाचा घोडा. जे कचरले ते जिवाला मुकले, आणि अखेर शिकारीत तो बाण बापावर सुटला तेव्हा कुणाचाही हात अडखळला नाही.

या कथेने त्याची कारकीर्द झाकोळली आहे, असे माझे ठाम मत आहे. पूर्वेच्या दोंगहू टोळ्यांनी मागितलेला घोडा त्याने दिला, राणीही दिली, पण दोघांमधल्या ओसाड पट्ट्याची मागणी येताच जमीन हा राज्याचा पाया आहे असे सांगून त्याने त्यांचा मोड केला. डावे-उजवे (म्हणजे पूर्व-पश्चिम भागांचे) राजे, त्यांच्यासह २४ सरदार, दहा, शंभर, हजार अशा तुकड्या आणि शरद ऋतूतल्या मेळाव्यात माणसांची व जनावरांची मोजदाद, ही लुटारू टोळीची लक्षणे नव्हेत.

पहिला प्रतिसाद (असहमत)

ही सगळी घडी आपण ज्याच्या आधारे मोदूच्या नावावर मांडता, तो चिनी इतिहासकार सिमा च्येन मोदूनंतर सुमारे शतकभराने लिहीत होता. शिवाय त्याच इतिहासात पुढे असे आहे, की मोदूचा मुलगा लाओशांग याच्या दरबारी चीनच्या हान राज्यातून आलेल्या चुंगहांग युए नावाच्या खोजाने माणसे व गुरे यांच्या लेखी नोंदी ठेवायला शिकवले. मग मोदूच्या काळी ही मोजदाद कितपत नेटकी होती? सरदारपदेही वंशपरंपरेने मोजक्या घराण्यांत राहत, त्यामुळे त्याला कारभारयंत्रणा म्हणणे मला धाडसाचे वाटते.

निर्विवाद आहे ते त्याचे युद्धकौशल्य. इ.स.पू. २०० च्या हिवाळ्यात हान सम्राट लिऊ बांग इतक्या कडाक्याच्या थंडीत चालून आला, की दर दहांतील दोन-तीन सैनिकांची बोटे गळून पडली. मोदूने माघारीचा देखावा करून त्याला आजच्या दातोंगजवळ बाईदेंग येथे गाठले आणि सात दिवस कोंडले. पश्चिमेला सगळे पांढरे घोडे, उत्तरेला काळे, असे ते वेढ्याचे वर्णन आहे. पण या विजयातून त्याने मिळवले काय? रेशीम, मद्य, धान्य आणि एक राजकन्या. सरदारांना वाटून द्यायला दुसऱ्याच्या कोठारातून माल येत राहिला पाहिजे, अशी ज्याची गरज असते त्याला मी राज्यसंस्थापक म्हणणार नाही.

दुसरा प्रतिसाद

इ.स.पू. २१५ मध्ये हानांआधीच्या छिन राजवटीचा सेनापती मंग त्येन याने पीत नदीच्या वळणातल्या ओर्डोसची चराऊ कुरणे शिओंग्नूंकडून हिसकावली होती, हे दोघांनीही सांगितलेले नाही. मोदूच्या पहिल्या स्वाऱ्यांतील एक मोठा भाग गेलेली कुरणे परत घेण्याचा होता. मात्र त्याची किंमत इतरांनी मोजली. त्याने आणि लाओशांगने युएचींना पश्चिमेकडे रेटले, युएचींनी शकांना, आणि हे लोंढे पुढे भारतापर्यंत पोहोचले. नाशिकच्या लेण्यांत शक क्षत्रप नहपानाच्या जावयाचे दानलेख आपण वाचतो, त्यामागच्या साखळीची एक कडी या कारकिर्दीत आहे.

धागाकर्ता

कुरणांचा मुद्दा मान्य आहे. पहिल्या प्रतिसादकर्त्यांनी मात्र चुंगहांग युएची अर्धीच साक्ष काढली. शिओंग्नूंची संख्या हानांच्या एका प्रांताइतकीही नाही, तरी ते बलवान आहेत, कारण अन्नवस्त्रासाठी ते हानांवर अवलंबून नाहीत, असे त्यानेच लाओशांगला सांगितले. रेशमी कपडे घालून काटेरी झुडपांतून घोडे पिटाळा, ते फाटतील, आणि मग कातड्या-नमद्याचे मोल सर्वांना कळेल, असाही त्याचा सल्ला होता. मोदू मेला तेव्हा हे स्वावलंबन शाबूत होते आणि सत्ता वारसाकडे गेल्यावर राज्य विस्कटले नाही. बापाला मारून गादीवर आलेल्या माणसाने एवढे मागे ठेवणे मला फार मोठे वाटते.

पहिला प्रतिसादकर्ता

हा सल्ला द्यावा लागला, याचाच अर्थ चान्यूला तोवर रेशमाची गोडी लागली होती. सिमा च्येनही तसेच म्हणतो. आणि ती लावणारा, रेशीम मिळवून देणारा हानांशी झालेला तह इ.स.पू. १९८ चा, म्हणजे मोदूच्याच हातचा आहे.