रॉ फोटोंचे संपादन कॅटलॉगमध्ये ठेवावे की साइडकार फाइलमध्ये?

कृष्णपुरा: इंदूरच्या कृष्णपुरा छत्र्यांवरील कोरीव कामाची छायाचित्र-नोंद आम्ही काही जण मिळून करत आहोत. फोटो-संपादनासाठी काही सदस्य लाइटरूम क्लासिक ही प्रणाली वापरतात, एक जण डार्कटेबल. माझा प्रस्ताव असा की सामाईक डिस्कवरील प्रत्येक रॉ फाइलशेजारी (म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलशेजारी) तिची एक्सएमपी साइडकार, म्हणजे संपादनाच्या सूचनांची छोटी जोडफाइल, असणे सक्तीचे करावे. रॉ फाइलमध्ये आपण काहीच बदलत नाही. उजेड किती वाढवला, चौकट कुठे कापली, मथळा काय दिला, या सूचनाच तेवढ्या वेगळ्या साठवल्या जातात, आणि त्या फक्त कॅटलॉगमध्ये, म्हणजे संपादन-प्रणालीच्या एकत्रित नोंद-फाइलमध्ये, राहिल्या तर ती एक फाइल बिघडताच सगळ्यांचे श्रम वाया जातात. एक्सएमपी हा २०१२ पासून आयएसओ मानक असलेला मजकुरी नमुना आहे. साध्या नोटपॅडमध्येही तो उघडतो.

पलासिया: मला हे पटत नाही. लग्नसमारंभांची कामे करणाऱ्याच्या फोल्डरमधील फाइलींची संख्या यामुळे दुप्पट होते, पण ती अडचण किरकोळ आहे. खरा धोका खोट्या निश्चिंतीचा आहे. लाइटरूममधील व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोची वेगळ्या संपादनाची नोंद), कलेक्शन (निवडक फोटोंचे गट) आणि संपादनाच्या टप्प्यांचा इतिहास साइडकारमध्ये जातच नाही. ज्याने कॅटलॉगची राखीव प्रत घेतली नाही आणि साइडकार आहेत म्हणून स्वस्थ बसला, त्याला हे नुकसान झाल्यावरच कळणार. शिवाय एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की दोन्हींत तफावत येते. मग डिस्कवरचे खरे मानायचे की कॅटलॉगमधले, हा प्रश्न लाइटरूम तुम्हालाच विचारतो आणि कोणतेही उत्तर दिले तरी कुणाचे तरी काम पुसले जाते.

कृष्णपुरा: व्हर्च्युअल कॉपीचा मुद्दा मान्य आहे, आणि कॅटलॉगची प्रत घेऊ नका असे मी म्हटलेलेही नाही. परंतु लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग नेटवर्क ड्राइव्हवरून उघडत नाही आणि एका वेळी दोघांना वापरता येत नाही. एकट्याने काम करणाऱ्या व्यावसायिकाला हे जाणवत नसेल. आम्हाला मात्र एकमेकांचे मथळे आणि तारे (फोटोला दिलेली पसंतीची श्रेणी) पोहोचवायला साइडकारखेरीज मार्ग नाही. तफावत टाळायची तर एका फोल्डरवर एका वेळी एकानेच काम करावे.

टोपखाना: दोघेही साइडकारच्या सर्वसमावेशकतेवर जरा जास्तच विश्वास ठेवत आहात. लाइटरूम तिला ‘डीएससी_१०४२.एक्सएमपी’ असे नाव देते, तर डार्कटेबल ‘डीएससी_१०४२.एनईएफ.एक्सएमपी’ असे (एनईएफ म्हणजे निकॉन कॅमेऱ्याची रॉ फाइल), म्हणजे एकाच फोटोच्या दोन साइडकार शेजारी शेजारी नांदू लागतात. तारे, मथळे आणि कीवर्ड एका प्रणालीतून दुसरीत बऱ्यापैकी जातात. रंग आणि उजेडाचे संपादन मात्र तसेच्या तसे जात नाही, कारण रॉ उलगडण्याची दोघांची पद्धतच वेगळी आहे. त्यामुळे छत्र्यांच्या नोंदीत जे चित्र अंतिम ठरले असेल, त्याची टिफ प्रत, म्हणजे संपादन पक्के झालेली चित्र-फाइल, काढून ठेवा. पुढे प्रणाली बदलली तरी ती तशीच दिसेल.

मल्हारगंज: एवढा व्याप कशाला? सगळ्या रॉ फाइली डीएनजीमध्ये, म्हणजे अडोबीच्या खुल्या रॉ नमुन्यात, बदलाव्यात. सूचना फाइलच्या आतच राहतात, वेगळी साइडकार सांभाळावी लागत नाही आणि ती हरवण्याचा प्रश्नही उरत नाही.

पलासिया: येथे मात्र मी कृष्णपुरांच्या बाजूने आहे. डीएनजीमध्ये मथळ्यातील एक अक्षर सुधारून जतन केले तरी मूळ फाइलच बदलते, तिचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का हे तपासण्याची संख्या) बदलतो आणि बॅकअपला काही किलोबाइटऐवजी वीस-तीस मेगाबाइटची अख्खी फाइल पुन्हा उचलावी लागते. पुरातत्त्वीय नोंदीत मूळ फाइल अस्पर्श असल्याचे दाखवता आले पाहिजे. पण सक्तीला माझा विरोध कायम आहे, कारण ती पाळणार कोण? लाइटरूममध्ये एक्सएमपी आपोआप लिहिण्याचा पर्याय प्रत्येकाने स्वतः चालू करायचा असतो, आणि कॉपी करताना फक्त एनईएफ निवडून साइडकार मागे सोडणारे महाभाग प्रत्येक गटात असतात.

कृष्णपुरा: म्हणूनच नियम लेखी हवा. त्यात एवढेच असावे: पर्याय चालू ठेवावा, फाइलचे नाव बदलणे किंवा ती हलवणे संपादन-प्रणालीच्या आतूनच करावे आणि डिस्क परत देताना संपूर्ण फोल्डर द्यावा. टोपखान्यांची टिफची सूचना त्यात जोडतो. व्हर्च्युअल कॉपी ज्यांना हव्यात, त्यांनी आपापला कॅटलॉग सांभाळावा.

पलासिया: तर मग त्या कॅटलॉगची प्रतही दर महिन्याला डिस्कवर ठेवण्याचे कलम घाला, त्याशिवाय माझी संमती गृहीत धरू नये.