कोंबडीच्या पिल्लांसाठी वाळवी हवी आहे, मडक्यात येतच नाही!

तुरेवाली
पिल्लांचं खाद्य परवडेनासं झालंय. बुर्किना फासो, बेनिनकडचे शेतकरी मडक्यात ओलं गवत-शेण भरून ते वारुळाजवळ पालथं घालतात आणि आत जमलेली वाळवी पिल्लांना घालतात. मीही तसंच केलं, पण एक वाळवी आली नाही. काय चुकतंय? वाळवी मारायची औषधं सुचवू नका, मला वाळवी हवी आहे. लवकर सांगा.

बांधावरून
गाव कुठलं? जमीन कसली? मडकं नेमकं कुठे ठेवलंय, त्यात काय भरलंय?

गवंडीकाम
चौकटीला लागली असेल तर लाकडाचा नाद सोडा आणि ग्रॅनाइटची चौकट बसवा. मी आता सगळीकडे तीच बसवतो.

तुरेवाली
चौकटीचा विषयच नाही हो.
@बांधावरून, कणकवलीजवळ, जांभा जमीन. मडकं वारुळाला लागून कातळावर आहे. आत भाताचा पेंढा आणि शेण. उघडलं की सगळं वाळून खडंग.

खडकाळ
वाळवी कोंबड्यांना घालण्यापेक्षा शेताला लावा. बुर्किना फासोच्या याकुबा सावाडोगो यांनी टणक पडीक जमिनीत खड्डे घेतले, त्यांत शेणखत टाकलं. त्या वासाने वाळवी आली, तिने जमीन पोखरली आणि पावसाचं पाणी आत मुरायला लागलं. ओसाड जागी रान उभं राहिलं. २०१८ साली त्यांना राइट लाइव्हलिहुड पुरस्कार मिळाला. शिवाय वारूळ ही पाण्याची खूण. बृहत्संहिता या जुन्या संस्कृत ग्रंथात त्याचा कर्ता वराहमिहिर सांगतो, जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी लागतं. विहीर घ्या.

बांधावरून
विहिरीचं कुणी विचारलंय? आमच्याकडे वारूळ बघून बोअर घेतली, नुसता फुफाटा निघाला.

खडकाळ
बोअर शेकडो फूट जाते. एक पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची. वराहमिहिर उथळ पाण्याचं सांगतोय. दोन्हींची गल्लत करू नका.

पेडण्याची
वारूळ फोडू नका हो कुणी! वाळवी आत बुरशी पिकवते, पावसात त्याच बुरशीची अळमी (अळंबी) वर येतात. आमच्या गोव्यात पानात बांधून विकायला येतात, भाव विचारायची सोय नाही. शागुती करून बघा, मटण विसराल. पण लोक सगळीच उपटून नेतात, फार वाईट वाटतं.

तुरेवाली
वारुळाला मी हातही लावलेला नाही. मडक्याचं कुणी सांगेल का?

बांधावरून
कातळावर उन्हात ती येणारच नाही. वाळवी अंगाने मऊ, कोरड्या हवेत टिकत नाही, म्हणून मातीचं छत बांधत पुढे सरकते. पडलेल्या लाकडाखाली किंवा बुंध्यावर मातीचा पातळ थर दिसतो ना, तो नखाने खरवडा. आत पांढुरक्या कामकरी पळताना दिसल्या की तिथेच वीतभर खणा. पेंढा भिजवून, पिळून मडक्यात भरा आणि मडकं खड्ड्यावर पालथं घाला. कड ओल्या मातीने लिंपा, वर झावळ टाका. संध्याकाळी लावायचं, सकाळी ऊन चढायच्या आत काढायचं. आणि हो, आसपास औषध ओतलंय का?

तुरेवाली
आंब्यांच्या आळ्यात सासरे दरवर्षी क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक ओततात. वारूळ बागेच्या कडेलाच आहे. का?

बांधावरून
मग त्या बाजूची वाळवी पिल्लांना अजिबात घालू नका! अंगाला औषध लागलेली वाळवी पिल्लं टिपणार आणि ते विष त्यांच्या पोटात जाणार. जिथे कधीच औषध पडलेलं नाही अशी जागा बघा.

खडकाळ
हे मात्र शंभर टक्के बरोबर. सासऱ्यांना सांगा, आळ्यात कच्चं शेण घालू नका, पूर्ण कुजलेलंच घाला. कच्च्यावर वाळवी धावते.

तुरेवाली
वहाळाकडे काजूचं खोड पडलंय, तिथे औषध कधी गेलेलं नाही. आत्ताच जाऊन खरवडलं, भरपूर आहे! आज मडकं लावते. पिल्लांना किती घालू?

बांधावरून
पहिल्यांदा थोडीच. परातीत झटका, पिल्लं टिपतील तेवढीच. नेहमीचं खाद्य एकदम तोडू नका. आणि मडकं रोज एकाच जागी लावू नका, नाहीतर तिथली वाळवी संपेल.