विषय: ७ लाखांचं टाउनहाउस झेपेल का?

नमस्कार मंडळी,
दोघांचं मिळून उत्पन्न वर्षाला १,८०,००० डॉलर. मोठा तीन वर्षांचा, दुसरं बाळ ऑक्टोबरात. सेंट्रल जर्सीत ७ लाखांचं नवं टाउनहाउस बघितलंय, २० टक्के भरता येतील. कारचा हप्ता ५५०. डेकेअरने बाळाचे २,००० आणि मोठ्याचे १,५०० सांगितलेत. प्री-अप्रूव्हल (बँकेची कर्जाची आगाऊ मंजुरी) हातात आहे. घ्यावं का?

———

नमस्कार,
बँक ग्रॉस (टॅक्स कापायच्या आधीच्या) पगारावर हिशोब करते आणि डेकेअर धरतच नाही. लोक फसतात ते इथेच.

५,६०,००० चं तीस वर्षांचं कर्ज साडेसहा टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ३,५४०. प्रॉपर्टी टॅक्स वर्षाचा १४,००० धरला तर महिन्याला १,१६७, इन्शुरन्स २००, एचओए (सोसायटीचा मेंटेनन्स) ३००. झाले ५,२०७. कार धरून ५,७५७, म्हणजे महिन्याच्या ग्रॉस १५,००० च्या ३८ टक्के. बँक खूश.

आता हेच हातात पडणाऱ्या पैशांवर मांडा. टॅक्स, ४०१के (रिटायरमेंटची बचत), हेल्थ इन्शुरन्स कापून १०,००० च्या आसपास येत असावेत. पे-स्टब बघून नक्की करा. त्यातून ५,७५७ गेले, डेकेअरचे ३,५०० गेले. उरले ७४३. त्यात किराणा, वीज, पेट्रोल, गाडीचा विमा आणि भारताची तिकिटं! वॉटर हीटर बिघडला तर क्रेडिट कार्डच.

माझ्या मते मोठा किंडरगार्टनला जाईपर्यंत भाड्याने राहा, नाहीतर साडेपाच लाखांपर्यंतचं जुनं घर बघा. नुसत्या हप्त्यातच साडेसातशे वाचतात. क्लोजिंग कॉस्ट (खरेदीच्या वेळची फी आणि इतर खर्च) डाउन पेमेंटमध्ये मोजू नका, ती वेगळी ठेवा.

———

> प्रॉपर्टी टॅक्स वर्षाचा १४,००० धरला तर

हा आकडा आधी तपासा. नव्या बांधकामाच्या लिस्टिंगवर अनेकदा नुसत्या जमिनीचा टॅक्स असतो. घर पूर्ण झालं की टाउनशिप अ‍ॅडेड असेसमेंट (नव्या बांधकामाचा वाढीव टॅक्स) लावते आणि त्याचं बिल वेगळं येतं. बँकेने मात्र एस्क्रोत (टॅक्स-इन्शुरन्ससाठी हप्त्यासोबत पैसे जमवायचं खातं) जमिनीपुरतेच पैसे जमवलेले असतात.

समजा वर्षभरात ४,००० जमले आणि खरा टॅक्स निघाला १४,०००. एस्क्रो अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे बँक त्या खात्याचा वर्षाचा हिशोब करते तेव्हा, १०,००० ची तूट. ती बारा महिन्यांत वसूल करायची म्हणून ८३३, आणि पुढच्या वर्षाचा टॅक्स पुरा पडावा म्हणून आणखी ८३३. हप्ता एकदम १,६६७ ने चढतो. वर्षाने तुटीचे ८३३ उतरतात, बाकीचे कायम. वरच्या हिशोबात उरलेले ७४३ इथेच संपले.

बिल्डरच्या सेल्स ऑफिसात विचारून उपयोग नाही. त्याच कॉम्प्लेक्समध्ये आधी विकल्या गेलेल्या, त्याच मॉडेलच्या युनिटचा पूर्ण वर्षाचा टॅक्स काउंटी टॅक्स बोर्डाच्या रेकॉर्डमध्ये बघा. ते सगळ्यांना खुलं असतं. तो आकडा वकिलाकरवी लेंडरला कळवा आणि एस्क्रो पहिल्या महिन्यापासून त्यावरच धरायला सांगा. लेंडर ऐकेना, तर फरकाचे पैसे दरमहा स्वतःच वेगळ्या सेव्हिंग्ज खात्यात टाकत जा.