पाठीवरची गाठ काढली, पाच टाके पडलेत. जखमेची काळजी कशी घ्यायची?

गोदाकाठ_परभणी
बाबांच्या पाठीवरची चरबीची गाठ काल सकाळी जागेवर भूल देऊन काढली. पाच टाके आहेत. वय ५८, शुगरची गोळी चालू. पट्टी ४८ तास ओली करू नका एवढंच सांगितलंय, ती मुदत उद्या संपते. घरात कोणी म्हणायलंय टाके निघेपर्यंत आंघोळ नको, कोणी म्हणायलंय हळद-तेल लावा अन् भात-वांगं बंद करा. मेडिकलवाल्यानं टाक्यांवर टाकायला पावडर दिलीय. पाणी बोअरचं, टाकीत साठवलेलं. कापूस वेचणीला आलाय, त्यामुळं बाबा चार दिवसांत शेतात जायचं म्हणायलेत. काय करावं?

पट्टीवाली_लातूर
दादा, आधी ४८ तासांचं कारण. टाक्यांनी जुळवलेल्या दोन कडांवर तेवढ्या वेळात कातडीचा पातळ थर सरकतो आणि चीर वरून बंद होते. पुढं वरून ओतलेल्या पाण्यानं बिघडत नाही, भिजत राहिल्यानं बिघडतं. म्हणून तांब्यानं आंघोळ करू द्या. विहीर, हौद, कॅनॉल मात्र टाके निघून जखम पुरती मिटेपर्यंत नको.

उद्या आधी स्वतःचे हात साबणानं धुवा. पट्टी चिकटली असेल तर ओढू नका, पाच-दहा मिनिटं ओली ठेवा, आपसूक सुटते. टाकीतलं पाणी उकळून गार करून घ्या. साध्या साबणाचा फेस हातावर करून टाक्यांवरून हलकेच फिरवा, पाणी सोडा, धुतलेल्या सुती कापडानं टिपा. घासायचं नाही. मग व्हॅसलीनचा पातळ थर, टाके चमकतील एवढाच. नवी ट्यूब आणा, घरातल्या डबीत सगळ्यांची बोटं बुडालेली असतात. वर न चिकटणारं गॉज आणि कागदी टेप. दिवसातून एकदा बदला, घामानं भिजली तर पुन्हा.

पावडर बाजूला ठेवा. ती लसेत (जखमेतून पाझरणाऱ्या पातळ पाण्यात) आणि घामात मिसळून पापुद्रा धरते आणि खाली ओल कोंडते. तिच्यात निओमायसिन (एक जंतुनाशक औषध) असेल तर काहींना त्याचीच ॲलर्जी होते. खाज-लाली येते आणि जखम पिकली असं वाटतं. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड रोज लावलं तर नव्या पेशीही मरतात. उघडी ठेवून खपली धरू द्यावी हेही चूक. १९६२ मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर दाखवलं की ओलसर, झाकलेल्या जखमेवर कातडी साधारण दुप्पट वेगानं येते.

बालाघाट
हळदीबद्दल. वसमतची हळद कितीही चांगली असो, स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते. शिवाय पिवळ्या रंगाखाली लाली दिसत नाही, म्हणजे पिकायला लागलं तरी उशिरा कळतं. भात-वांग्यानं पू होत नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात: डाळ, शेंगदाणे, अंडी, दही भरपूर द्या. पू वाढवते ती चढलेली शुगर. गोळी एकही चुकवू नका, घरी मशीन असेल तर रोज उपाशीपोटी मोजा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही मनानं थांबवू नका.

रक्त झिरपलं तर स्वच्छ कापड ठेवून सलग १५ मिनिटं दाबा, मध्ये उचलून बघू नका. तरी थांबलं नाही तर दवाखाना.

पट्टीवाली_लातूर
शेताचं राहिलंच. पाठीचे टाके १० ते १४ दिवसांनी काढतात (चेहऱ्याचे ५ ते ७), कारण पाठीची कातडी प्रत्येक वाकण्याला ताणली जाते. टाके निघाले म्हणजे ताकद आली असं नाही. तीन आठवड्यांनीही तिथली कातडी मूळच्या पावपटच मजबूत असते. कापूस वेचताना दिवसभर वाकणं आणि पाठीवर ओझं, याच्यानंच जखम उसवते. निदान तीन आठवडे वेचणी नको, नंतरही गाठोडं दुसऱ्यानं उचलावं. गोठ्यातलं काम तर नकोच. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. इंजेक्शन घेऊन १० वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या.

गोदाकाठ_परभणी
ताई, आज पट्टी काढली. कडेला गुलाबी दिसतंय अन् गॉजवर पिवळसर डाग आहे. पू आहे का?

पट्टीवाली_लातूर
पातळ आणि बिनवासाचं असेल तर ती लस आहे, पुसत बसू नका. टाक्यांलगत दोन-तीन मिलिमीटर गुलाबी चालतं. लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारून ठेवा. उद्या लाली रेघेबाहेर गेली, तिसऱ्या दिवसानंतर ठणका उतरायच्या ऐवजी चढला, घट्ट वासाचा स्राव आला, ताप आला, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. शुगर आहे, थांबू नका.

बालाघाट
आणि गाठ तपासणीला पाठवली होती का, ते विचारा. पाठवली असेल तर टाके काढायला जाल तेव्हा रिपोर्ट हातात घ्या.