कीजी कुंभावरची लढाई: मधे सनईवाला काय करतोय?

चित्रमास्तर: नववीच्या पोरांना गर्दी रेखाटायला शिकवायचं म्हणून कीजी कुंभावरच्या लढाईचं उलगडून काढलेलं रेखाचित्र घेऊन बसलोय. कुंभ इ.स.पू. ६५०-६४० च्या सुमाराचा, ग्रीसमधल्या कोरिंथ शहराचा. १८८१ साली रोमजवळ वेईच्या एट्रस्कन (इटलीतल्या प्राचीन लोकांच्या) थडग्यात सापडला. भांडं जेमतेम २६ सेंमी, लढाईचा पट्टा ५ सेंमीच्या आसपास, आणि त्यात एवढी माणसं! उजवीकडच्यांच्या ढालींवरची चित्रं दिसतात, डावीकडच्यांच्या ढालींची आतली बाजू. हात ढालीच्या पट्ट्यातून कसा घातलाय, मूठ कुठे धरलीय, सगळं कळतं. चित्रकाराला मानलं.
पण दोन प्रश्न. पुढचे भाले उगारून भिडलेत आणि डाव्या टोकाचे अजून चिलखत चढवतायत, हे कसं? आणि डावीकडच्या फौजेच्या दोन रांगांमध्ये मान मागे टाकून जोडनळ्या फुंकणारा पोरगा कशासाठी?

रांगडा: सोपं आहे. ही फॅलँक्स, म्हणजे ढाल-भालेवाल्यांची घट्ट रांग. खांद्याला खांदा लावून चालायचं तर ताल हवाच.

मातीचे_पाय: एवढं सोपं नाही हो. डाव्या टोकाला उभे ठेवलेले दोन भाले बघा. एक लांब, एक आखूड, आणि दांड्याला दोरीचे फास. त्यात बोटं अडकवून फेकला की भाला फिरत आणि लांब जातो. घट्ट रांगेत दाटीवाटीने उभा असलेला माणूस फेकणार कसा? मला तर ही मोकळी, धावती लढाई वाटते.
मास्तर, चिलखताचं म्हणाल तर चित्रकार एक क्षण काढतच नाहीये. तयारी, धाव, भिडणं, असं डावीकडून वाचत या.

रांगडा: मग ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसचं काय करायचं? मँटिनियाच्या लढाईत स्पार्टन लोक पावलं जुळावीत, रांग तुटू नये म्हणूनच वाजवणारे ठेवत, असं तो स्वच्छ लिहितो.

मातीचे_पाय: मँटिनिया इ.स.पू. ४१८. म्हणजे या कुंभानंतर सव्वादोनशे वर्षांनी, तेही स्पार्टाचं. कोरिंथच्या कुंभाराला ते कशाला चिकटवताय? याच भांड्यावर सिंहाची शिकार आहे, ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याच्यासमोर आलेल्या देवी आहेत, एका डोक्याचा नि दोन धडांचा स्फिंक्सही आहे. त्यातली लढाई तेवढी आँखों देखी, असं कसं?

चित्रमास्तर: डावीकडून वाचायचं, हे पटलं. सनईवाल्याचं तुम्ही दोघं बघा. पोरांना उद्या ढालीची आतली बाजू काढायला देतो.